द्राक्ष गट आणि चावडी : एका हंगामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२३

आजपासून लिहून ठेवतो आहे. कादवाकाठच्या द्राक्ष बागायतदारांचा आमचा व्हॉट्सॲप गट भरत आला आहे. एका गटात १०२४ माणसं मावतात, त्यामुळे नवीन कुणाला घ्यायचं तर आधी कुणीतरी बाहेर पडावं लागतं. गट निघाला तो एकाच कामासाठी : निफाड-दिंडोरीकडच्या बागांत काय दिसतंय ते एकमेकांना वेळेवर कळावं. डाऊनी, भुरी, करपा हे बुरशीचे रोग, थ्रिप्स ही कीड, पाऊस, छाटणीचं नियोजन, आणि माल युरोपला जाणार असेल तर रेसिड्यू, म्हणजे फळात उरणारे औषधाचे अंश. ॲडमिन आम्ही तिघं. मी, वरच्या गावचे तात्या आणि दिंडोरीकडची एक ताई. ती कृषी पदवीधर आहे आणि घरची बाग स्वतः बघते.

काल एका जुन्या सभासदाचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, सल्ला शोधायला इतकं खाली सरकावं लागतं की मी गट बघायचाच सोडला." हा माणूस बागेतला रोग सर्वांच्या आधी ओळखतो. असा माणूस गप्प बसला तर गटाचा उपयोग काय?

ताईचं म्हणणं, सरळ 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असं करून टाकू. मला ते पटत नाही. डाऊनीची पहिली खबर आजवर ॲडमिनकडून कधीच आलेली नाही. ती पहाटे प्लॉटमध्ये उभ्या असलेल्या माणसाकडून येते. त्याचं तोंड बंद केलं तर आम्ही तिघं घरात बसून काय कळवणार?

१६ ऑगस्ट

काल झेंड्यांचा पूर आला. तो अपेक्षितच होता. रात्री बसून मागच्या महिन्याचे मेसेज वाचून काढले आणि वहीत रकाने पाडले. निम्म्याहून जास्त मजकूर द्राक्षाचा नाही. सुप्रभात, वाढदिवस, श्रद्धांजली, राजकारण, औषध कंपन्यांच्या जाहिराती, टोमॅटोचे भाव (जुलैत टोमॅटो इतका चढला की पिंपळगाव बसवंतचे आकडे सगळेच विचारत होते), मुलांच्या ॲडमिशनची चौकशी, ट्रॅक्टर विकणे आहे.

वाचताना एक गोष्ट लक्षात आली. बागेत काम कमी असतं तेव्हा गप्पा वाढतात. एप्रिलची खरड छाटणी झाली, काड्या पक्व होत आल्या, ऑक्टोबरच्या छाटणीला अवकाश आहे. आमच्या पट्ट्यात ऑगस्ट हा तसा रिकामा महिना. माणूस बांधावर एकटा असतो, हातात फोन असतो, तो बोलणारच. त्याला 'विषय सोडून बोलू नका' असं सांगणं म्हणजे 'बोलूच नका' असं सांगण्यासारखं आहे. म्हणून नियम करायचा तो बोलण्याच्या जागेचा.

२४ ऑगस्ट

दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, आणि दोन्हींना वेगळं वागवावं लागलं.

१९ तारखेला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. सोमवारपासून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद. आमच्यातल्या बहुतेकांची कांद्याची चाळ भरलेली, त्यामुळे द्राक्ष गटात चार दिवस फक्त कांदा. काही जण वैतागले, "हा द्राक्षाचा गट आहे." पण ज्याच्या चाळीत कांदा सडतोय त्याला छाटणीच्या मजुरीचे पैसे त्याच कांद्यातून उभे करायचे आहेत. तो विषयाला धरूनच बोलतोय. फक्त ते बोलणं दिवसेंदिवस चालणारं आहे, आणि त्याच्याखाली बाकीचं बुडतं.

दुसरी गोष्ट कालची. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं आणि गटात आनंदाचा पाऊस पडला. ताईने विचारलं, थांबवू का? मी म्हटलं, हात लावू नको. तासाभरात आपोआप ओसरलं. तात्यांनी स्वतः नातवाचा टीव्हीसमोरचा फोटो टाकला होता.

तर पहिला ठराव असा : जे तासाभरात ओसरतं त्याला हात लावायचा नाही. जे रोज चालणार आहे त्याला स्वतःची जागा द्यायची.

४ सप्टेंबर

१ तारखेला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्याचे व्हिडिओ त्याच रात्री गटात आले. दुसऱ्या दिवसापर्यंत जातीवरून बोलणी सुरू झाली. आमच्या गटात मराठा आहेत, माळी आहेत, वंजारी आहेत, कोळी आहेत, दलित बागायतदार आहेत, मुसलमान व्यापारी आणि गाडीवाले आहेत. ज्या दोघांची सर्वांत जास्त जुंपली त्यांची पाइपलाइन एकाच विहिरीवरून येते. गटात तोंड फाटलं की विहिरीवर परिणाम होतो, हे शहरातल्या माणसाला चटकन समजणार नाही.

२०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढता येतो. सोय चांगली आहे, पण मेसेजच्या जागी 'ॲडमिनने काढला' अशी ओळ तशीच राहते आणि हजार माणसांना दिसते. गावात ती चारचौघांत हात धरून उठवल्यासारखी लागते. म्हणून आधी फोन. तात्यांनी दोघांनाही फोन केला, दोघांना सारखंच सांगितलं : "तुझं म्हणणं तुला पटतंय ना, मग पारावर येऊन मला सांग. इथे लिहिलेलं तुझा पोरगा उद्या वाचणार आहे." एकाने स्वतःच काढला. दुसऱ्याने काढला नाही, तेव्हा आम्ही काढला.

जातीवरून, धर्मावरून एकही ओळ चालणार नाही. इथे जागा बदलून देण्याचा प्रश्नच नाही. गप्पांसाठी 'चावडी' नावाचा वेगळा गट काढायचं मनात आहे, तो मजकूर त्या चावडीवरही नको. बाकी सगळ्याला जागा आहे.

१४ सप्टेंबर, पोळा

चावडी आज उघडली. व्हॉट्सॲपमध्ये आता एका 'कम्युनिटी'खाली अनेक गट ठेवता येतात. तसे तीन केले : 'द्राक्ष', 'बाजारभाव' (यात कांदा, टोमॅटो, सोयाबीन सगळं), आणि 'चावडी'. शिवाय घोषणांची जागा, तिथे फक्त आम्ही लिहायचं आणि क्वचितच लिहायचं.

पोळ्याचा दिवस मुद्दाम धरला. गटात बैलांचे फोटो येणार हे ठरलेलंच होतं. सकाळीच तात्यांनी सजवलेल्या जोडीचा फोटो चावडीवर टाकला आणि लिहिलं, "ज्यांच्या दावणीला बैल आहेत त्यांनी इथे दाखवा." दुपारपर्यंत चावडी गजबजली. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, एकाने तर ट्रॅक्टरलाच गोंडे बांधलेले. मुख्य गटात दिवसभरात फक्त तीन मेसेज आले, तिन्ही काडी तपासणीचे.

माणसाला हाकलून चावडीवर पाठवलं असतं तर तो गेला नसता. ज्याच्या शब्दाला मान आहे तो आधी जाऊन बसला, म्हणून बाकीचे गेले. ताई म्हणाली, पुढेही हेच करायचं : तात्या मुख्य गटात सुप्रभात करणार नाहीत, चावडीवर करतील.

२ ऑक्टोबर

रात्री मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक आवाजी मेसेज मुख्य गटात आला. बाई घाबऱ्या आवाजात बोलते, गावाचं नाव घेत नाही, तारीख सांगत नाही. वर दुहेरी बाणाची खूण, म्हणजे अनेकदा पुढे ढकललेला.

या एका प्रकाराला फोन नाही, वाट बघणं नाही. लगेच काढला आणि का काढला ते घोषणेत लिहिलं. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेवरून पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं, सोलापूरकडून आलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे मेसेज पुढे पाठवणं बंद केलं. हे सगळं मी घोषणेत तसंच्या तसं लिहिलं. 'अफवा पसरवू नका' असं नुसतं लिहून कुणी थांबत नाही. मेलेल्या माणसांची आठवण दिली की थांबतं.

तात्या थोडे धास्तावले होते, उद्या पोलिसांनी ॲडमिनलाच धरलं तर? ताईने त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल वाचून दाखवला : सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, ॲडमिनचा त्याच्याशी संगनमत किंवा समान हेतू नसेल तर, त्याला जबाबदार धरता येत नाही. कायद्याने आपण सुटतो हे बरं आहे. पण मेसेज रात्रभर तसाच पडू द्यायचा की नाही हा प्रश्न कायद्याचा नाही, आपल्या गावाचा आहे.

१७ ऑक्टोबर

छाटण्या जोरात. प्रश्नांचा भडिमार, आणि प्रश्न असे : "पानावर डाग आहेत, काय मारू?" खाली वीस उत्तरं, वीस औषधं. विषय द्राक्षाचाच, तरी हेही एक प्रकारचं भरकटणंच.

आता प्रश्न विचारताना चार गोष्टी द्यायच्या : छाटणीची तारीख, वाण, गाव आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो. खालची बाजू फार महत्त्वाची. वरून डाऊनीचा डाग तेलकट पिवळा दिसतो आणि तो बऱ्याच गोष्टींसारखा दिसू शकतो. पान उलटवलं की त्याच जागी पांढरी बुरशी कापसासारखी धरलेली दिसते, मग वादाचं कारण उरत नाही. आज एका पोराने दोन्ही बाजूंचे फोटो टाकले, खाली काहीच नव्हतं. अनुभवी माणसाने एका ओळीत सांगितलं, "डाऊनी नाही, कालच्या फवारणीचा स्कॉर्चिंग आहे, म्हणजे औषधाने पान भाजलंय, काही मारू नकोस." एक फवारणी वाचली.

उत्तर देणाऱ्यांसाठीही नियम : ब्रँड लिहू नका, घटकाचं नाव लिहा आणि काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, तो लिहा. दुकानदार आणि कंपनीचे प्रतिनिधी गटात बरेच आहेत. त्यातले काही खरोखर जाणकार आहेत, त्यांना काढायचं नाही. पण "आजच मारा, माल संपत आलाय" हा सल्ला नव्हे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, ते दिवस इथल्या जुन्या निर्यातदारांना चांगले आठवतात. एका चुकीच्या सल्ल्याची किंमत पूर्ण पट्टा मोजतो. शंका असेल तिथे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला आणि निर्यातीसाठीची औषधांची यादी, हे दोनच आधार.

५ नोव्हेंबर

एका सभासदाचे वडील गेले. ती बातमी मुख्य गटात टाकली गेली, आणि ते योग्यच होतं, कारण म्हातारे या पट्ट्यातले जुने बागायतदार. सकाळपासून 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झालं. मधेच एकाने लिहिलं होतं की त्याच्या पोंगा अवस्थेतल्या, म्हणजे नुकत्या फुटू लागलेल्या प्लॉटमध्ये उडद्या भुंगेरे काडीवरचे डोळे खाताहेत. ते कुणालाच दिसलं नाही.

श्रद्धांजली थांबवा असं सांगायला माझी जीभ उचलणार नाही, आणि ते सांगूही नये. ताईने वाट काढली. पहिल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की हात जोडलेली खूण ठेवता येते. ती कशी ठेवायची याचा छोटा व्हिडिओ केला. आणि तात्यांनी गटाच्या वतीने चार ओळी लिहिल्या, म्हाताऱ्यांनी लावलेल्या पहिल्या बागेबद्दल. लोकांनी त्या चार ओळींखाली हात जोडले. मुलगा नंतर म्हणाला की त्या ओळी त्याने घरात सगळ्यांना वाचून दाखवल्या. त्या माणसाला शेकडो सारख्या ओळींपेक्षा हे जास्त पोचलं.

भुंगेऱ्याचा प्रश्न मी उचलून परत वर घेतला.

१९ नोव्हेंबर

विश्वचषकाचा अंतिम सामना. हरलो. सगळं चावडीवर. मुख्य गटात एक शब्द नाही.

२६ नोव्हेंबर, रात्री

संध्याकाळी आभाळ फाटलं. वारा, पाऊस, आणि निफाडकडे गारा. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा ऐन फुलोऱ्यात आहेत; आधी छाटलेल्यांचे मणी सेट झालेत. फुलोऱ्यातल्या घडात पाणी साठलं तर मणीगळ आणि कुज, पाठोपाठ डाऊनी.

पहिल्या काही मिनिटांत गट कसा होता ते लिहून ठेवतो. "गारा." "आमच्याकडे पण." "बोराएवढ्या." रडण्याच्या खुणा. वरचा प्लास्टिकचा कागद फाटलेल्या बागेचा व्हिडिओ. मग रस्त्यावर बर्फाचा थर साचलेला एक व्हिडिओ, "आत्ता निफाड" असं लिहून. ताईने तो थांबवून थांबवून बघितला. मागे घरांचे उतरते लाल छत, उंच सूचिपर्णी झाडं, गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच नाही. आमच्याकडचा नव्हता. काढला आणि कारण लिहिलं, कारण तो व्हिडिओ बघून बाहेरगावी असलेली माणसं घाबरून घरी फोन करत होती.

मग घोषणा : मुख्य गटात आता फक्त गावाचं नाव, पाऊस किती वेळ झाला, गारा आहेत की नाहीत. व्हिडिओ आणि बाकी सगळं चावडीवर. तिघांनी रात्र वाटून घेतली. तात्या चावडीवर बसले, कारण तिथे माणसं हंबरडा फोडत होती आणि तिथे मोठा माणूस हवा होता. मी येणाऱ्या गावांची नावं लिहीत गेलो. तासाभरात कुठे गारा, कुठे नुसता पाऊस, कुठे भुरभुर, असा सगळा पट्टा डोळ्यांसमोर उभा राहिला.

रात्री एका दुकानाची जाहिरात आली. फोन न करता काढली. आज तेवढा वेळ नाही.

२७ नोव्हेंबर

पहाटेपासून मुख्य गटात फक्त काम. ज्यांच्याकडे नुसता पाऊस आहे त्यांनी औषध न घालता ब्लोअर फिरवून घडातलं पाणी झटकलं. ट्रॅक्टर चालेना अशा चिखलात माणसांनी हाताने तारा हलवल्या. कोणती अवस्था, कोणता घटक, किती दिवसांनी परत बघायचं, याची ताईने अवस्थेप्रमाणे मांडणी करून घोषणेत टाकली. गारांनी झोडपलेल्यांसाठी पंचनाम्याची माहिती वेगळी : तलाठ्याकडे अर्ज, विमा असेल तर ७२ तासांत कंपनीला कळवणं, फोटोत जमिनीचा गट नंबर ओळखू येईल असं काहीतरी.

ऑगस्टात 'गट बघायचाच सोडला' म्हणणारे ते जुने सभासद आज दिवसभर उत्तरं देत होते.

२ डिसेंबर

मुख्य गटात रात्री पावणेदोनला एक मेसेज : "ज्यांचे माझ्याकडे काही देणे असेल त्यांनी उद्या येऊन हिशेब करून घ्यावा."

नियमाप्रमाणे बघितलं तर हा विषयाबाहेरचा मेसेज. बाजारभावचा नाही, द्राक्षाचा नाही. यंत्राने गट चालवला असता तर तो मेसेज काढला गेला असता. ताई जागी होती. तिने मला फोन केला, मी त्याला केला, त्याने उचलला नाही. गावच्या यादीत त्याच्या शेजारच्या मळ्यातला सभासद सापडला. तो आणि त्याची बायको बॅटरी घेऊन गेले. माणूस ओट्यावर बसला होता. पहाटेपर्यंत ते दोघं त्याच्याजवळ बसले, चहा केला, सकाळी त्याच्या भावाला बोलावलं. आज तो भावाकडे आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर भावाने बोलून घेतलं.

मेसेज आम्ही काढला, पण तो माणूस गटात परत आल्यावर त्याला लाज वाटू नये म्हणून. गटात कुणी विचारलं तर 'बरे आहेत' एवढंच सांगायचं ठरलं.

यापुढे रात्री कुणीतरी एक जण गट वाचणार. आलटून पालटून. आणि गावनिहाय यादी अद्ययावत ठेवायची : कोण कोणाच्या शेजारी राहतं ते आम्हाला माहीत असलं पाहिजे. काढायच्या आधी प्रत्येक मेसेज पूर्ण वाचायचा, हेही तिघांत पक्कं झालं.

९ डिसेंबर

काल कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद केली. बाजारभाव गटात आगडोंब. पण द्राक्ष गटात गारपिटीनंतरच्या डाऊनीचे फोटो, दोन्ही बाजूंचे, एकापाठोपाठ व्यवस्थित येत आहेत. ऑगस्टमध्ये हेच दोन्ही विषय एकमेकांवर चढले होते.

२० डिसेंबर

आता गटात एखादा मेसेज वर टाचून ठेवता येतो, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. प्रश्न विचारायच्या चार गोष्टी महिन्याभरासाठी टाचल्या. नवीन माणसाला पुन्हा पुन्हा सांगायचं काम संपलं.

२३ जानेवारी २०२४

कालचे अयोध्येचे फोटो सगळे चावडीवरच गेले. कुणाला सांगावं लागलं नाही.

तोडणी सुरू झाली आणि नवा पेच आला. एका सभासदाने मुख्य गटात व्यापाऱ्याचं नाव, फोटो आणि फोन नंबर टाकून लिहिलं की याने पैसे बुडवले. द्राक्षवाल्याला यापेक्षा जवळचा विषय कोणता? वर्षभराची मेहनत जागेवरच्या सौद्यात तोंडी जाते आणि गाडी निघून गेल्यावर फोन बंद. पण एका बाजूचं ऐकून हजार माणसांसमोर नाव टाकणं बरोबर नाही, आणि नावसारखेपणामुळे भलताच माणूस भरडला जाऊ शकतो. त्याला फोन करून सांगितलं : आधी पोलिसांत आणि बाजार समितीत तक्रार दे, कागद आम्हाला दाखव, तोवर गटात नाव नाही. मात्र कुणी सौद्याआधी एखाद्या व्यापाऱ्याबद्दल विचारलं तर आम्ही त्याला तुझ्याशी जोडून देऊ. तो नाराज झाला. तासाभराने तक्रारीची प्रत पाठवली. आता तात्या आणि अजून दोघं त्याच्यासोबत बाजार समितीत जाणार आहेत.

बाजारभाव गटात मी सौदापावतीचा नमुना टाकला : तारीख, वजन, दर, टोकन रक्कम, दोघांच्या सह्या, गाडी नंबर.

१७ मार्च

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. दिंडोरी आणि नाशिक, दोन्हीकडे आमचे सभासद. सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते गटात आहेत आणि आतापासून क्लिपा यायला लागल्या. चावडीवर राजकारण चालू द्यायचं की नाही यावर मतदान घेतलं. ताई बंद करा म्हणत होती, तात्या चालू ठेवा म्हणत होते. बहुमत पडलं ते असं : चावडीवर बोलायचं, पण स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पुढे ढकललेली क्लिप, फोटो, पोस्टर चालणार नाही. जातीचा नियम आहे तसाच.

मला हा तोडगा आवडला. स्वतः लिहायला बसलं की माणूस दोन वाक्यांत थांबतो, आणि समोरचा कोण आहे हे त्याला आठवतं.

आज संध्याकाळी तिघांची बैठक तात्यांच्या ओट्यावर. खरड छाटणीआधी करायचं : गावनिहाय यादी तपासणं, रात्रपाळीसाठी आणखी दोन माणसं, त्यातली एक निदान दिंडोरीकडची बाई, कारण ताईकडे बायका जे बोलतात ते त्या गटात लिहीत नाहीत. आणि फळछाटणीआधी पानांच्या दोन्ही बाजूंच्या फोटोंमधले निवडक एकत्र करून ठेवायचे, म्हणजे ऑक्टोबरात नव्या पोरांना दाखवता येतील.